मुका मार

मिस्त्रीचा विषय निघाला की मी कलिंगडाचा किस्सा सांगतो. लोक हसतात, चहा येतो आणि बोलणं दुसरीकडे वळतं. कितीतरी वर्षं मी हेच करत आलो. किस्सा चांगला आहे म्हणून नव्हे, त्याच्या पुढचं कुणी विचारू नये म्हणून. आता माझं वय झालं. आमच्या गावात अजूनही म्हणतात, "त्या मिस्त्रीच्या जोडानं होडी बुडाली." माझ्यासमोर म्हणतात आणि मी मान हलवतो. त्या मान हलवण्याचा मला आता वीट आला आहे. होडी त्याच्या जोडानं बुडाली नाही. हे ठामपणे सांगू शकेल असा माणूस आता एकच उरला आहे, आणि तो मी आहे.

पण आधी कलिंगडच सांगतो. मिस्त्री त्यात पुरता दिसतो.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. बरीच वर्षं बीडच्या स्टँडवर काढली. स्टँडच्या मागच्या गल्लीत मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. त्याचं काम फायबरचं. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे पुढचे दर्शनी भाग, म्हणजे शो, पाण्याच्या टाक्या, मोटारसायकलची मडगार्डं, बँडवाल्यांच्या बग्ग्या, असं काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन यांच्या थरांवर थर देऊन बनवलेलं काहीही फुटलं की ते त्याच्याकडे यायचं. गल्लीत त्याचं नाव कुणी घेत नसे, सगळे मिस्त्रीच म्हणत. मला तो 'कंट्रोलर साब' म्हणायचा, मी निवृत्त झाल्यावरही.

त्याच्या खिशात एक जुना, जाड रुपया असायचा. वस्तू हातात आली की तिच्याकडे बघायच्या आधी तो रुपयानं ठोकायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. टण वाजलं तर आतले थर एकमेकांना धरून आहेत, थप वाजलं तर सुटले आहेत. ही सवय पुढे इतकी अंगवळणी पडली की समोर येईल ते तो ठोके. भिंत ठोके, दार ठोके, स्टँडवरचा बाक ठोके. एकदा बोलता बोलता त्यानं माझा गुडघा ठोकला आणि गंभीरपणे म्हणाला, "हे गेलंय साब. थप वाजतंय."

गल्लीच्या तोंडाशी त्याच्या चुलतभावाचा फळांचा गाडा होता. उन्हाळ्यात तिथे कलिंगडांची रास लागे आणि येता-जाता मिस्त्री ती ठोकत जाई. एकदा एका गिऱ्हाइकानं कलिंगड उचललं, पैसे काढले, तेवढ्यात मिस्त्रीचा रुपया त्यावर पडला.

"हे घेऊ नका. आतून सुटलंय."

फळवाला भडकला. "अबे, तू तुझ्या टाक्या ठोक ना! माझ्या मालाच्या मागं कावून लागला बे?"

"मी खोटं बोलत न्हाई. काप."

"कापतो. लाल निघालं तर तू घ्यायचं, पूर्ण."

कापलं. आत लालभडक, रवाळ. गिऱ्हाईक हसलं, गल्ली हसली. मिस्त्रीनं एक फोड उचलली, चावून खाल्ली, बिया थुंकल्या आणि म्हणाला, "गोड हाय. पण आवाज चुकीचा हाय त्याचा."

लोक इथे हसतात आणि मी इथेच थांबतो. पण हा किस्सा खरा कशाचा आहे, तर 'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता याचा आहे. एका कोचिंग क्लासच्या गच्चीवरची टाकी त्यानं सांधली आणि ती पाझरली, तेव्हा तो टाकीला हात लावून म्हणाला होता, "गळत न्हाई ही. घाम येतोय तिला." मग दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन त्यानं ती पुन्हा केली. चूक दुरुस्त करायला त्याची कधीच ना नव्हती. ती बोलून दाखवायला होती. त्यामुळे पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

त्याच्या दुकानात शिरताना केसांना तेल चालत नसे. तेलाचा हात लागला त्या जागी रेझिन धरत नाही, एवढं त्यात खरं होतं. पण त्यानं त्याचं सोवळं करून टाकलं होतं. मी एकदा भाच्याच्या लग्नाला निघालो होतो, केस चोपडून बसवलेले. त्यानं मला उंबऱ्यावरच अडवलं.

"तिथंच थांबा साब. वास आला मला."

"मी काय तुमच्या टाकीवर डोकं घासणार हाय का?"

"माणूस बोलता बोलता डोकं खाजवतो आन् तोच हात कामावर ठेवतो. तुमी तर लई खाजवता."

मी बाहेर, तो आत, असे आम्ही अर्धा तास बोललो. लग्नाची गाडी चुकली.

रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर पडला की शेडमधलं बोलणं बंद. मग तो मिश्रणाचा मग्गा गालाला लावून डोळे मिटून बसायचा. मग्गा कोमट लागू लागला की वेळ थोडा उरला, मग हात भराभर चालवायचे. एकदा वाहतुकीचा हवालदार रस्त्यातली बग्गी हलवायला सांगत आला. मिस्त्रीनं मग्गा गालावरून न काढता दुसऱ्या हातानं त्याला 'थांबा' अशी खूण केली. आणि हवालदार थांबला. सबंध नोकरीत मला एकाही ड्रायव्हरला असं थांबवता आलं नव्हतं.

ती बग्गी हंसाची होती. वरातीत नवरदेव बसतो तसली. हंसाची मान ट्रकला घासून तुटली होती. मिस्त्रीनं ती अशी सांधली की पूर्वीपेक्षा पक्की झाली, पण जोडावर रंग द्यायला तो तयार होईना. पांढऱ्याशुभ्र हंसाच्या गळ्यात पिवळट पट्टी.

बँडवाला रडकुंडीला आला. "मिस्त्री, लगीन हाय. दवाखान्यातून आणल्यावानी दिसतोय हंस."

"दिसू दे. दिसली तर लोक जपून वागतात. रंग मारला की विसरतात." आणि मग त्याचं नेहमीचं वाक्य, "वरून रंग, आतून भंग."

शेवटी बँडवाल्यानं हंसाच्या गळ्यात झेंडूचा जाड हार घातला आणि त्या हंगामातल्या सगळ्या वराती तशाच काढल्या.

त्याच्या तोंडचा आणखी एक शब्द माझ्या डोक्यात कायमचा बसला. मुका मार. आपल्याकडे कुणी पडलं, रक्त आलं नाही, पण आत ठणकतंय, की म्हणतात ना मुका मार लागला, तोच शब्द. एका गाडीचा शो त्याच्याकडे आला होता. वरून काहीच नाही, साधा ओरखडाही नाही. मी म्हणालो, "ह्याला काय झालंय?" त्यानं रुपया माझ्या हातात दिला आणि ठोकायला लावलं. एका जागी आवाज बदलला.

"हितं कुणीतरी दगड मारलाय, न्हाईतर काही पडलंय. लोखंडाला मारलं की पोचा येतो, लाकडाला मारलं की चीर जाते. ते सांगतात की बाबा मला लागलंय. फायबर तसं न्हाई, साब. दबतं, परत जागेवर येतं आन् गप बसतं. आत थर सुटलेले. मग रोजच्या हादऱ्यानं ते सुटणं पसरत जातं, आन् एक दिवस जरासा धक्का लागला की फाटतं. लोक म्हणतात धक्क्यानं फुटलं. धक्क्यानं कुठलं? त्याला मार आधीच लागलेला."

हे त्यानं मला एकदा नाही, कितीतरी वेळा सांगितलं. मी ते मुद्दाम इथे लिहितो, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहू नये.

निवृत्तीनंतर मी गावी आलो. आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या काठावर आहे. पाण्याचा एक फाटा गाव आणि शिवार यांच्या मधून गेला आहे. पलीकडे शेतं आणि हायस्कूल, अलीकडे घरं. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. म्हणून गावानं फायबरची एक होडी घेतली होती. मजुरीला जाणाऱ्या बाया, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, सगळं त्या होडीवर. होडीची एक समिती होती आणि शिकलेला, नोकरी केलेला म्हणून तिचा अध्यक्ष मी.

एका उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि होडीचं नाक जुन्या, पाण्यात गेलेल्या गावच्या विहिरीच्या कठड्यावर आदळलं. तळहाताएवढं भोक पडलं. मी मिस्त्रीला बोलावलं. तो आला आणि काठावर पत्रे उभे करून आडोसा केला. रुपयानं नाक ठोकत ठोकत त्यानं पेन्सिलीनं रेघ ओढली. भोक तळहाताएवढं, रेघ परातीएवढी. मग रेघेच्या आतलं सगळं घासून काढायला लागला.

आमचे सरपंच तरुण, तापट. ते बघायला आले आणि हादरून मला म्हणाले, "अण्णा, ह्याला भोक बुजवायला आणलं का वाढवायला?"

मिस्त्रीनं मान वर केली नाही. "बारव बघितली का सरपंच? वर रुंद, पायरी-पायरीनं खाली अरुंद. तशी खोदतोय. मग एकेका पायरीवर एकेक थर बसवत वर यायचं. नुसतं भोकावर ठिगळ मारलं तर पहिल्या लाटेला पोरांच्या हातात येईल ते."

काही दिवस तो गावात राहिला. ढग आले की काम बंद, हवेत ओल हाय म्हणायचा. नावाड्याला त्यानं दोनदा साबणानं हात धुवायला लावलं. शेवटी होडी टायरांवर उपडी टाकून तालमीतला एक गडी जोडावर उभा केला आणि स्वतःही वर चढला. दोघं उड्या मारत होते आणि जोड हूं की चूं करत नव्हता. खाली उतरून तो म्हणाला, "आता हे नाक मरणार न्हाई. माझी जबान."

भांडण रंगावरून झालं. सरपंचांना होडी निळी हवी होती, पूजेला पाहुणे यायचे होते. मिस्त्री नेहमीसारखा अडला. मी मध्यस्थी केली. म्हणजे मिस्त्री अंघोळीला गेला असताना रंग मारून घेतला. तो आला, निळ्या नाकाकडे बघितलं, मला म्हणाला, "तुमीबी, कंट्रोलर साब?" मग हत्यारं पिशवीत भरली. शुक्रवार होता, दुपारच्या नमाजाला त्याला बीड गाठायचं होतं. पूजेला थांबा असं कुणी म्हटलं नाही.

दुपारी पूजा झाली. हळद-कुंकू, अगरबत्ती, हार. नारळ फोडायचा मान अध्यक्षाचा. नवी गाडी असो, इंजिन असो की बोअरची मोटर, आमच्याकडे नारळाशिवाय काही चालू होत नाही. एरवी चाकापुढे दगड ठेवतात. त्या दिवशी काठावर सगळा काळा गाळ, दगड कुठे दिसेना. पाहुणे खोळंबलेले. मी नारळ उचलला आणि होडीच्या नाकावर आपटला. फुटला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, पेन्शनीत हात मऊ पडला!" लोक हसले. मी जोर लावून पुन्हा आपटला. नाही फुटला. मग मला राग आला आणि तिसऱ्यांदा सगळं अंग घालून हाणला. फुटला. जयजयकार झाला. पाणी निळ्या रंगावरून ओघळलं.

उपरण्यानं ते पुसताना अंगठ्याखाली मला जाणवलं. रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पडल्या होत्या. जोडावर नाही, जोडाच्या बाजूला. त्या क्षणी मिस्त्रीचा शब्द मला आठवला. आठवला नाही असं म्हणवत नाही. पण होडीत पाहुणे चढत होते. पोरं ओरडत होती. होडी थांबवा, माझ्या नारळानं तिला लागलंय, हे त्या घोळक्यात कसं म्हणायचं? लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. मी कुंकवात बोट बुडवलं आणि त्या रेषांवरून एक स्वस्तिक काढलं.

पावसाळा सरता सरता, वाऱ्याच्या एका दुपारी, होडी काठाला लागताना रोज टेकायची तशीच टायराला टेकली. नाक फाटलं. आत पाणी शिरलं आणि होडी कलंडली. काठ जवळ होता म्हणून माणसं वाचली. नावाड्यानं एकेकाला ओढून काढलं. पण सरपंचांची भावजय खाली राहिली होती. तिला बाहेर काढलं तेव्हा ती श्वास घेत नव्हती. तोंडानं फुंकर घालून श्वास आणला आणि बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ती पुढे वाचली. पण दुसऱ्या दिवशी, जेव्हा होडी ओढून काठावर घेतली आणि मिस्त्रीला बोलावलं, तेव्हा ती शुद्धीवर आली नव्हती आणि गाव पेटलेलं होतं.

बोलावणं मीच केलं. फोनवर इतकंच म्हणालो, "या. होडीचं बघायचंय." तो एकटा आला, हत्यारांची पिशवी घेऊन. दुरुस्तीला बोलावलंय असंच त्याला वाटलं असणार.

लोकांनी वाट दिली. तो नाकापाशी गुडघ्यावर बसला. नाकाचा एक भाग लोंबत होता आणि त्या भागात त्याचा जोड अख्खाच्या अख्खा होता. बघणाऱ्याला मात्र असंच वाटावं की ठिगळ उचकटून आलंय. त्यानं रुपया काढला. जोडावर ठोकलं. टण, टण, टण. वारा होता आणि तो आवाज. मग रुपया कडेकडेनं बाजूला सरकला आणि आवाज बदलला. थप. थप.

त्यानं पात्यानं निळा रंग खरवडला. खाली त्याची पेन्सिलीची रेघ निघाली. "हे बघा. जोड हितं संपतो. फाटलंय हितं, चार बोटं पलीकडं. हितं मार लागलाय. बोथट चिजेचा. मी काम केलं तवा नव्हता." तो उभा राहिला. "मी शुक्रवारी दुपारच्या आत गेलतो. त्याच्यानंतर हिला काय लागलं? कुणी बघितलं का?"

कुणी बोललं नाही. खोटेपणानं नाही, हेही मला लिहिलं पाहिजे. नारळ सगळ्यांनी बघितला होता. पण नारळ फोडणं म्हणजे मारणं, असं आमच्याकडे कुणाच्या मनातच येत नाही. होडीला काय आपटलं असं शपथेवर विचारलं असतं, तरी त्यांनी दगड आठवला असता, खुंट आठवला असता, नारळ नाही. फक्त नावाडी माझ्याकडे बघत होता.

"शुक्रवारी दुपारी पूजा झाली," सरपंच पुढे आले. रात्रभर दवाखान्यात बसून त्यांचे डोळे तांबारले होते. "दुसरं काय झालं न्हाई. तुला काय म्हणायचंय? पूजेनं बुडाली?"

"तसं न्हाई म्हणत मी."

"मग कसं म्हणतो बे? हां? पूजेचं नाव कावून काढलं तू?"

"मी नाव न्हाई काढलं, सरपंच, मी फक्त..."

"व्हिडिओ घे रे ह्याचा, व्हिडिओ घे," मागून एक जण ओरडला. चार-पाच मोबाइल वर झाले. घोळका एक पाऊल आत सरकला.

आज मी त्या क्षणाचा विचार करतो तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसते. नारळ हा शब्द मी उच्चारला असता, तर ती एका म्हाताऱ्याची चूक ठरली असती. लोक चिडले असते, चार दिवस बोलले असते. तोच शब्द मिस्त्रीनं उच्चारला असता, तर त्याचं काय झालं असतं ते मला सांगवत नाही. तो शब्द त्या काठावर एकट्या माझ्यासाठीच मोकळा होता.

मिस्त्री वळला. "कंट्रोलर साब, तुमी तर होता ना पूजेला? तुमाला ह्यातलं कळतं. तुमी सांगा ह्यांना."

गप्प बसलो असतो तरी एकवेळ चाललं असतं. मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, "जोडच सुटला असंल, मिस्त्री."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्यानं जोडावर एकदा, एकदाच, ठोकलं. टण. रुपया खिशात टाकला आणि सरपंचांकडे वळून म्हणाला, "चुकलं माझं."

त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यानं हात जोडले होते.

त्याच्यावर कुणी हात टाकू नये म्हणून मी त्याच्या खांद्याभोवती हात घातला आणि घोळक्यातून त्याला रस्त्यापर्यंत नेलं. एकानं पिशवी हिसकली, ती मी परत घेतली. अध्यक्ष म्हणून माझा मान होता, लोक बाजूला झाले. जीपमध्ये बसताना तो म्हणाला, "तुमी होता म्हणून, साब." तो टोमणा आहे असं मी समजलो. पुढची कितीतरी वर्षं मी तो टोमणाच समजत होतो.

संध्याकाळी नावाडी घरी आला. "अण्णा, तो नारळ..." एवढंच म्हणाला.

"गप बस," मी म्हणालो. तो गप्प बसला आणि मरेपर्यंत गप्प राहिला. मला अण्णा म्हणणं मात्र त्यानं त्या दिवसापासून सोडलं.

व्हिडिओ फिरला. हात जोडून 'चुकलं माझं' म्हणणारा मिस्त्री तालुक्यातालुक्यांत पोचला. ट्रॅव्हल्सवाल्यांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. बँडवाल्यानंही. मी बीडला जायचो, पण स्टँडच्या मागच्या गल्लीत जायचो नाही. एक दिवस फळवाला स्टँडवर भेटला. म्हणाला, शेड बंद झाली, मिस्त्री परभणीला लेकीकडे गेला. "पहिल्यासारखा न्हाई राहिला तो. कलिंगडंबी ठोकत नव्हता."

त्याच्याकडून पत्ता घ्यायला मला एक वर्ष लागलं आणि जायला आणखी एक. परभणीच्या गाडीत मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. टोमणा मारणाऱ्या माणसासमोर जायचंय, तो शिव्या देईल, देऊ दे, अशी मनाची तयारी केली होती. केसांना तेल लावलं नव्हतं.

मिस्त्री अंगणात खाटेवर होता. अगदी वाळला होता, हात थरथरत होते. मला बघून उठून बसायला लागला. "अगं, चहा टाक! कंट्रोलर साब आले!" लेक आली, जावई आला, शेजारचे दोघं आले. मिस्त्रीनं माझा हात धरला आणि सगळ्यांना सांगितलं, "हेच ते. त्या दिवशी सगळं गाव अंगावर आलतं. ह्यांनी खांद्यावर हात टाकून मला बाहेर काढलं. हे नसते तर मी आज नसतो."

लेकीनं डोक्यावर पदर घेतला आणि मला वाकून सलाम केला. जावई म्हणाला, "अब्बा रोज तुमचं नाव काढतात."

तो टोमणा नव्हता.

चहा आला. बाकीचे आपापल्या कामाला लागले तरी जावई तिथेच बसून होता. मिस्त्री पुढे झुकला, आवाज खाली आणला. "साब, एक विचारायचं होतं. तुमी समजदार. माझ्या हातून काय चुकलं असंल? मी लई विचार करतो. हार्डनर जुना असंल का? पहिल्या दिवशी ढग होते, हवेत ओल राहिली असंल? का नावाड्याच्या हाताला तेल होतं? आवाज तर चांगला येत होता. मला तवा वाटलं मार लागलाय. पण तुमी म्हणालात जोड सुटला. तुमी कशाला खोटं बोलाल? म्हणून मग मी मानलं. पण काय चुकलं ते समजत न्हाई. तेवढं समजलं असतं तर बरं झालं असतं."

जावई माझ्याकडे बघत होता. आत लेक माझ्यासाठी जेवणाचं बघत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "जाऊ द्या मिस्त्री. झालं गेलं." जेवलो. आणि पाचच्या गाडीनं परत आलो.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. फळवाल्यानं सांगितलं. आता पाण्यावर पूल होतो आहे, होडी कुणाला आठवत नाही. पण मिस्त्रीचा जोड आठवतो, त्याची म्हण झाली आहे. आमच्या गावात कुठलंही काम कच्चं निघालं की म्हणतात, मिस्त्रीचा जोड दिसतोय. त्या खाटेशेजारी बसून, हातात हात असताना, मला एवढंच म्हणायचं होतं: मिस्त्री, त्या शुक्रवारी दगड मिळेना म्हणून मी होडीच्या नाकावर नारळ फोडला, तुमच्या जोडाच्या शेजारी, तीनदा आपटून. मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा हार्डनर जुना नव्हता, हवेत ओल नव्हती, नावाड्याचे हात स्वच्छ होते. तुमचं काही चुकलं नव्हतं, मिस्त्री. मला माफ करा.